गुडघ्यात इंजेक्शन घ्यावं का?

गोळ्या घेऊन झाल्या, तेलं चोळून झाली, पट्टा बांधून झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, ‘एक इंजेक्शन देऊन बघू.’ साठीच्या आसपासच्या कितीतरी माणसांचा, त्यातही बायकांचा, गुडघेदुखीचा प्रवास या वाक्यापाशी येतो. पण इंजेक्शन म्हणजे नेमकं काय, हे फार थोडे जण विचारतात. त्या एका शब्दात निदान चार वेगवेगळे उपचार येतात. स्टिरॉइडची कुपी काहीशे रुपयांत मिळते. ‘वंगणाचं’ म्हणून ओळखलं जाणारं हायल्युरॉनिक ॲसिड हजारांत जातं. स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी दोन-तीनदा घ्यायचं म्हटलं की खर्च आणखी चढतो, आणि स्टेम सेलचा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. पुराव्याची उतरंड जवळजवळ याच्या उलट आहे, आणि हे रुग्णाला पैसे भरण्याआधी कळायला हवं.

हा सगळा पुरावा वाचून माझं झालेलं मत आधीच सांगतो. गुडघ्याच्या आत दिलं जाणारं कुठलंही इंजेक्शन झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, परत आणतं, असं आजपर्यंत खात्रीने दिसलेलं नाही. त्यातलं सगळ्यात स्वस्त इंजेक्शन काही आठवड्यांचा आराम देतं. ते आठवडे कशासाठी वापरायचे हे ठरलं असेल, तर ते घेण्यात अर्थ आहे.

आधी दुखतं काय ते पाहू. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर आणि भोवतीच्या स्नायू-बंधांचा ताण. अस्तराला सूज आली की सांध्यात पाणी भरतं, गुडघा जड होतो, सकाळी उठल्यावर पाय टेकवत नाही. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ अनेकदा बसत नाही. फोटोत हाडाला हाड टेकलेलं दिसतं आणि माणूस आरामात जिना चढतो. दुसऱ्याच्या फोटोत फारसं काही नसतं आणि त्याला पाटावरून उठवत नाही. दुखणं कमीजास्त होत राहतं, त्याला भरती-ओहोटी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हा आजार फक्त शहरातल्या बैठ्या माणसांचा नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या उपक्रमातली ही भारतातली पायाभूत पाहणी. तिच्यात आमवात अर्धा टक्का प्रौढांत आढळला, तर ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांच्या झिजेचा हा आजार, जवळपास सहा टक्के प्रौढांत. आपल्याकडे मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, खाली बसून निवडण-टिपण करणं हे रोजचं. त्यामुळे गुडघा बिघडला की पूजा, पंगत, शौच सगळंच अवघड होतं. इंजेक्शनची घाई कुठून येते, हे यावरून समजतं.

स्टिरॉइडचा इतिहास मोठा आहे. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळालं. लगेच पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. म्हणजे हा उपचार सत्तर वर्षांहून जुना आहे. आज बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात, मात्रा साधारण ४० मिलिग्रॅमची.

प्रत्यक्षात हे पाच मिनिटांचं काम असतं. रुग्ण टेबलावर उताणा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. डॉक्टर अंगठ्याने वाटी किंचित बाजूला सरकवून तिची कड चाचपतात, बीटाडीन लावतात, वाटीच्या खालून सुई आत जाते. सांध्यात पाणी असेल तर आधी ते ओढून काढतात. ते गवती पिवळं आणि पारदर्शक आलं तर ठीक. गढूळ आलं तर जंतुसंसर्गाची शंका येते आणि स्टिरॉइड द्यायचं थांबवून ते पाणी तपासायला पाठवावं लागतं. मग दुसरी सिरिंज लावून दुधासारखं पांढरं औषध आत सोडतात. सुई कुठून घालायची यालाही महत्त्व आहे. २००२ मध्ये एका शल्यविशारदाने पाणी नसलेल्या गुडघ्यांत तीन जागांहून इंजेक्शनं देऊन क्ष-किरणांखाली पडताळणी केली. बाहेरच्या बाजूने, वाटीच्या मध्याच्या पातळीवरून दिलेली ९३ टक्के सांध्यात पोचली. पुढून बाहेरच्या बाजूने दिलेली फक्त ७१ टक्के. ‘मला इंजेक्शनचा काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्या काही जणांच्या बाबतीत औषध सांध्यात गेलंच नसेल, ही शक्यता यावरून धरावी लागते.

आता परिणाम. कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २७ चाचण्या आणि १,७६७ रुग्ण होते. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बऱ्यापैकी फायदा, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात त्याहून थोडा कमी, तेराव्या आठवड्यात किरकोळ, सहा महिन्यांनी काही नाही. या चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता, हेही त्या आढाव्याने स्पष्ट म्हटलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका म्हणते की दुसरी औषधं चालत नसतील, किंवा व्यायामाला हातभार म्हणून स्टिरॉइडचा विचार करा, आणि आराम दोन ते दहा आठवड्यांचाच असेल हे रुग्णाला सांगा. मला हे वाक्य सगळ्या साहित्यातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं.

मग दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर? याचं उत्तर बोस्टनच्या टिमथी मॅकॲलिंडन यांच्या गटाने २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दिलं. अस्तराला सूज असलेल्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं सलाइन, असं दोन वर्षं चाललं. दुखण्यात फरक नाही. कूर्चेची जाडी स्टिरॉइड गटात सरासरी ०.२१ मिलिमीटरने घटली, सलाइन गटात ०.१० ने. आकडा छोटा आहे आणि त्यामुळे कोणाचा गुडघा लगेच बाद होत नाही. पण फायदा शून्य असताना एवढंही नुकसान का सोसायचं? वर्षातून एखादं इंजेक्शन आणि तिमाहीचा रतीब यांत हाच फरक आहे.

मधुमेह असलेल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड थोडंफार रक्तात उतरतं आणि पुढचे काही दिवस साखर चढते. आपल्याकडे साठीच्या कितीतरी रुग्णांना मधुमेह असतो, तरी ही सूचना घाईत राहून जाते. इंजेक्शनआधी साखर आटोक्यात आहे ना हे बघावं आणि नंतर आठवडाभर घरच्या मीटरवर मोजत राहावं. याखेरीज पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं, सुईच्या जागी कातडी पांढरी पडू शकते. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तातडीने इलाज करावा लागतो: ताप, लाल तापलेला गुडघा आणि न सोसणारं दुखणं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

हायल्युरॉनिक ॲसिडची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून हा पदार्थ वेगळा काढला. तो निरोगी सांध्याच्या द्रवातही असतो, त्याला चिकटपणा देतो, आणि झिजलेल्या सांध्यात पातळ होतो. एंड्रे बालाझ या हंगेरियन वंशाच्या संशोधकाने कोंबड्यांच्या तुऱ्यांमधून तो शुद्ध स्वरूपात मिळवला. शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत तो आधी वापरला गेला, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतही आला, आणि अमेरिकेत १९९७ मध्ये माणसाच्या गुडघ्यासाठी मंजूर झाला. ही मंजुरी औषध म्हणून नव्हती, वैद्यकीय उपकरण म्हणून होती. कल्पना अगदी पटण्यासारखी: वंगण कमी झालं, वंगण घाला. गाडीचं इंजिन माहीत असलेल्या कोणालाही ती क्षणात कळते, आणि त्यातच अडचण आहे. आत घातलेला पदार्थ काही तासांत ते काही दिवसांत सांध्यातून निघून जातो. सहा महिने पुरणारं वंगण म्हणून तो तिथे राहत नाही.

मग फायदा होतो का? २०२२ मध्ये बीएमजेने छापलेल्या आढाव्यात १६९ चाचण्या आणि २१,१६३ रुग्ण होते. त्यांतल्या खोट्या इंजेक्शनशी तुलना करणाऱ्या २४ मोठ्या चाचण्या वेगळ्या काढल्या. शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर फरक निघाला दोन मिलिमीटरचा. रुग्णाला जाणवावा असा किमान फरक संशोधकांनी नऊ मिलिमीटर धरला होता. गंभीर दुष्परिणाम सलाइनपेक्षा जवळपास दीडपट. हे उत्तर २००९ पर्यंतच्या चाचण्यांतूनच स्पष्ट झालं होतं, असंही त्या गटाने दाखवलं. म्हणजे त्यानंतरची हजारो माणसं मिटलेल्या प्रश्नावरच्या चाचण्यांत गुंतवली गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तज्ज्ञसंस्था मात्र एका सुरात बोलत नाहीत. नाइस म्हणते, देऊ नका. अमेरिकेची संधिवात संघटना २०१९ मध्ये सौम्य शब्दांत विरोध करते. अस्थिशल्यविशारदांची अमेरिकन अकादमी सरसकट वापराला नाही म्हणते. ऑस्टिओआर्थ्रायटिसवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था २०१९ मध्ये सशर्त होकार देते. काही चांगले डॉक्टर निवडक रुग्णांत ते वापरतात, विशेषतः स्टिरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या दोन्ही चालत नाहीत तिथे. त्यांना मी खोटं ठरवणार नाही. पण रुग्णाने पैसे मोजण्याआधी ‘दोन मिलिमीटर’ हा आकडा ऐकलेला असावा.

इथे एक प्रश्न उरतो. शेजारच्या काकूंना तर वंगणाच्या इंजेक्शनने फरक पडला, त्या खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांना खरंच बरं वाटलं. माणूस इंजेक्शन घ्यायला जातो तेव्हा दुखणं भरतीला असतं. पुढच्या काही आठवड्यांत ते बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. शिवाय सुई, डॉक्टरांचा स्पर्श, खर्च केलेले पैसे, आशा यांचा परिणाम मेंदूत वेदना कशी नोंदली जाते त्यावर होतो. खोट्या गोळीपेक्षा खोटं इंजेक्शन जास्त काम करतं, हे चाचण्यांच्या तुलनेतून दिसलेलं आहे. कोपनहेगनमधल्या एका गटाने २०२२ मध्ये तर कमालच केली. २०६ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे व्यायाम आणि मार्गदर्शन, निम्म्यांना सलाइनची चार इंजेक्शनं, आणि तीही हे नुसतं मिठाचं पाणी आहे असं सांगून. नवव्या आठवड्यात दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले.

हा अभ्यास माझ्यासारख्या व्यायामाची बाजू घेणाऱ्याला अडचणीचा आहे, तरी तो वगळून आढावा पुरा होत नाही. व्यायामाच्या फायद्यातही आशेचा आणि ओहोटीचा वाटा आहे, हे मान्य करावं लागतं. तरीही मी व्यायामाकडेच झुकतो, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले तर तोल सुधारतो, पडण्याचा धोका कमी होतो, साखर आणि रक्तदाबालाही मदत होते. मिठाच्या पाण्याने यातलं काही होत नाही.

पीआरपीकडे वळू. दंडातून ३० ते ६० मिलिलिटर रक्त काढतात, नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये लावतात, यंत्र काही मिनिटं फिरतं. नळी बाहेर येते तेव्हा तळाशी गडद लाल थर असतो, मध्ये पांढुरकी बारीक रेघ, वर पिवळसर द्रव. त्या वरच्या भागातला प्लेटलेट्सने भरलेला अंश सिरिंजमध्ये घेऊन गुडघ्यात सोडतात. आपलंच रक्त, रसायन नाही, त्यात वाढीचे घटक: रुग्णाला हे आवडलं नाही तरच नवल. छोट्या चाचण्यांतून चांगले निकालही आले. मात्र २०२१ मध्ये किम बेनेल यांच्या ऑस्ट्रेलियन गटाने सिडनी आणि मेलबर्नच्या २८८ रुग्णांवर केलेली रिस्टोअर चाचणी ‘जामा’त आली. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, पीआरपी किंवा सलाइन. कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना इंजेक्शन देणाऱ्याला. वर्षाने दहापैकी वेदनेचा आकडा पीआरपी गटात २.१ ने उतरला, सलाइन गटात १.८ ने. एमआरआयवर कूर्चेचं आकारमान दोन्हींकडे सारखंच घटलं, १.४ आणि १.२ टक्के.

पीआरपीचे समर्थक म्हणतात, त्या चाचणीत प्लेटलेट्सची मात्रा कमी पडली. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही, कारण पीआरपी हा एकच ठराविक पदार्थ नाही. यंत्र बदललं, फिरवण्याचा वेग बदलला की आतलं द्रव्य बदलतं. पण हाच आक्षेप त्यांच्यावरही उलटतो: रुग्णाला जे दिलं जातंय त्यात नेमकं किती काय आहे, हे तिथल्या तिथे कोण मोजतं? क्लिनिकमध्येच तयार होणाऱ्या द्रव्यावर छापील किंमत नसते आणि प्रमाणही छापलेलं नसतं. मात्रा न सांगता त्याची तीन इंजेक्शनांची पॅकेजं विकणं मला चुकीचं वाटतं.

स्टेम सेलच्या बाबतीत तर सावधगिरी दुप्पट हवी. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ४७५ रुग्ण, तीन प्रकारच्या पेशी (अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या), आणि तुलनेला साधं स्टिरॉइड. वर्षाने तिन्हींपैकी एकही प्रकार स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. दक्षिण कोरियात २०१७ मध्ये मंजूर झालेल्या इन्व्होसा या कोलोन कंपनीच्या पेशी-उपचाराचं काय झालं, हेही प्रत्येकाने वाचावं. त्यात कूर्चेच्या पेशी आहेत असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात एक घटक मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशींचा निघाला. २०१९ मध्ये मंजुरी रद्द झाली, तोवर तीन हजारांहून अधिक माणसांनी तो गुडघ्यात घेतलेला होता. भारतात २०२२ मध्ये स्टेमवन या उत्पादनाला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. ते दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या झिजेसाठी आहे, आणि त्याला मंजुरी आहे म्हणून दुसऱ्या कुठल्याही क्लिनिकमध्ये चरबी काढून बनवलेल्या मिश्रणाला मंजुरी आहे असं होत नाही. जाहिरातीत हा फरक पुसला जातो.

ओझोन, ग्लुकोजच्या पाण्याची प्रोलोथेरपी वगैरे प्रकारही आहेत. त्यांच्यावरचे अभ्यास लहान आहेत. भरवसा ठेवावा असं फारसं काही त्यांत नाही.

गंमत म्हणजे गुडघेदुखीवरची अलीकडची दोन महत्त्वाची इंजेक्शनं गुडघ्यात द्यायचीच नव्हती. पहिलं टॅनेझुमॅब: मज्जातंतूंच्या वाढीला चालना देणारं प्रथिन अडवणारं, त्वचेखाली द्यायचं औषध. दुखणं थांबवत होतं, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने ढासळले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने त्याविरुद्ध १९ विरुद्ध १ असा कौल दिला आणि फायझरने त्याच वर्षी ते गुंडाळलं. दुसरं सेमाग्लुटाइड, वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीत ४०७ लठ्ठ रुग्ण होते. ६८ आठवड्यांत औषध गटाचं वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं, दुसऱ्या गटाचं ३.२ टक्के. शंभरच्या मोजपट्टीवर दुखणं ४१.७ ने घटलं, खोट्या औषधाने २७.५ ने. वर सांगितलेल्या चाचण्यांत गुडघ्याच्या आत दिलेल्या कुठल्याच इंजेक्शनने सव्वा वर्षानंतर एवढा फरक दाखवलेला नाही. मर्यादा मोठी आहे: त्या रुग्णांचा बॉडी मास इंडेक्स सरासरी चाळीसच्या वर होता, आणि औषध थांबवलं की वजन परतू शकतं. पण वजनाचं गणित साधं आहे. स्टीफन मेसियर यांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो.

मग इंजेक्शन कोणी घ्यावं? गुडघ्यात पाणी भरलंय, रात्री झोप लागत नाही, व्यायाम सुरू करायचा तर पाय वाकत नाही, अशा माणसाने स्टिरॉइडचं एक इंजेक्शन जरूर घ्यावं. आणि त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टची वेळ ठरवावी. २०२० च्या एका चाचणीत अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांतल्या १५६ रुग्णांत स्टिरॉइड आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली. २४० पैकी त्रासाचा आकडा दोन्ही गटांत सुरुवातीला १०८ च्या आसपास होता. वर्षाने स्टिरॉइड गटात ५५.८, फिजिओथेरपी गटात ३७. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाय सरळ ठेवून उचलणं, भिंतीला टेकून अर्धं वाकणं, असले ते व्यायाम. त्यांना यंत्र लागत नाही, फक्त बारा-पंधरा आठवड्यांची चिकाटी लागते. दुखणं हलकं झालेल्या त्या पहिल्या सहा आठवड्यांत ही चिकाटी धरणं सोपं जातं, म्हणूनच मी इंजेक्शनची बाजू तेवढ्यापुरती घेतो.

आणि ज्यांचा गुडघा खरोखर संपलाय त्यांना इंजेक्शनांच्या फेऱ्यांत अडकवू नये. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हापासून हे ऑपरेशन घरोघरी माहीत झालं. २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादाही आणली. ऑपरेशन ठरत असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत सांध्यात स्टिरॉइड घेऊ नये, कारण नंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आधी कुठे, कधी, कोणतं इंजेक्शन घेतलं याचा कागद जपून ठेवावा आणि तो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावा.